मारीसोलने पुसलेली खूण

मारीसोल गेल्याची बातमी मला कळवली ती तिला नोकरीवरून काढणाऱ्या माणसांनीच. सकाळची वेळ होती. दुबईत, अल कुसैसच्या आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये मी एका आजोबांच्या गुडघ्याला मशीन लावत होते आणि एप्रनच्या खिशात फोन थरथरला. माझ्या मुलीच्या टेनिस अकॅडमीच्या पालकांच्या ग्रुपवर एक काळंपांढरं पोस्टर आलं होतं. मारीसोलचा तरुणपणीचा फोटो, आणि खाली ठळक इंग्रजी अक्षरांत तीन शब्द : लेजंड, मेंटॉर, फॅमिली. त्याखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. मला आधी वाटलं, कसला तरी सत्कार असेल… मग कोपऱ्यातलं 'रेस्ट इन पीस' दिसलं. खरं सांगते, रडू यायच्या आधी मला राग आला. इतके आठवडे झाले तरी तो उतरलेला नाही. हा लेखही मी रागातच लिहिते आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावं, नाही घेतलं तरी चालेल.

फॅमिली म्हणे! ज्या बाईला तुम्ही वर्षभरापूर्वी हात झटकून वाळवंटाच्या पार दुसऱ्या टोकाला घालवलंत, ती मेल्यावर फॅमिली. बातमी त्यांच्याकडे आधी पोहोचली, कारण तिच्या भावाजवळ अकॅडमीचाच जुना नंबर होता. मी आजोबांना तसंच मशीनवर ठेवून बाहेर आले आणि रुवैसला फोन लावला. रुवैस म्हणजे अबूधाबीच्या पश्चिमेला, तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांभोवती वसलेलं गाव. तिथल्या वसाहतीच्या क्लबमध्ये मारी शेवटचं वर्ष मुलांना टेनिस शिकवत होती. मैदानाची देखभाल करणारे सुर्वे राजापूरकडचे; त्यांची कंबर धरली तेव्हा मारीनेच आम्हा दोघांची फोनवर गाठ घालून दिली होती. "ताई, मॅडम एकट्याच सर्व्हिस मारत होत्या," सुर्वे म्हणाले. "मग खाली बसल्या. मला वाटलं, बुटाची लेस बांधतायत. मी पाइप गुंडाळत होतो… परत वर बघितलं, तर तशाच बसलेल्या. अ‍ॅम्ब्युलन्स लगेच आली हो, पण खलास झालं होतं सगळं." पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती तिने.

आमची ओळख झाली ती तिच्या खुब्यामुळे. क्लिनिकमध्ये एक उंच, उन्हाने रापलेली बाई लंगडत आली आणि टेबलावर आडवी झाली. तपासताना माझ्या लक्षात आलं, की हिचा उजवा हात कोपरापासून खाली डाव्यापेक्षा चांगलाच जाड आहे, उजवा खांदा उतरलेला आहे आणि डाव्या मनगटावर शस्त्रक्रियेचा जुना व्रण आहे. "सुतारकाम करता का?" मी विचारलं. ती इतकी हसली, की टेबल हललं. म्हणाली, "जवळपास तसंच." ती स्पेनची निवृत्त व्यावसायिक टेनिसपटू आहे, हे मला तिच्या फाइलवरून नंतर कळलं. आमच्या दोघींचं इंग्रजी बघण्यासारखं असे. तिचं स्पॅनिश वळणाचं, माझं ठाण्याचं, त्यात मध्येच हिंदी, मध्येच अरबी यल्ला आणि इन्शाल्ला. तरी आमचं कधी अडलं नाही. आमच्या गप्पा मी इथे मराठीतच देते, कारण माझ्या डोक्यात त्या मराठीतच साठल्या आहेत. पुढे माझी मुलगी सई अकॅडमीत तिच्याकडे टेनिस शिकायला लागली आणि मारी अल मजाजच्या आमच्या घरी येऊ-जाऊ लागली. वरण-भातावर मी तूप वाढायला घेतलं, की ही पिशवीतून ऑलिव्ह तेलाची बाटली काढायची. मी कितीदा ओरडले असेन, अगं बाई, निदान माझ्यासमोर तरी नको! ती शांतपणे तेल ओतायची, कालवायची आणि मिटक्या मारत खायची. माझे यजमान शिरीष म्हणायचे, वृंदा, जेवू दे की तिला तिच्या पद्धतीने. सगळ्यांना सगळं त्यांच्या पद्धतीने करू द्यावं, हे शिरीषचं तत्त्वच आहे. त्यावरही मी बोलणार आहे.

व्हॅलेन्सियाजवळच्या संत्र्याच्या बागांमधलं एक लहानसं गाव तिचं. वडील गावच्या क्लबात लाल मातीच्या कोर्टांवर रूळ फिरवायचे, पाणी मारायचे, रेषा झाडायचे. कोर्ट रिकामं असेल तेव्हा पोरीने खेळायचं, एवढीच काय ती सवलत. त्यावर ही सोळाव्या वर्षी व्यावसायिक झाली. वाचकांना टेनिस म्हटलं, की टीव्हीवर दिसणारी मोठी स्टेडियमं आठवतात. मारीची कारकीर्द त्यांच्या बाहेरच्या कोर्टांवर गेली. जिथे बघायला पंचवीस-तीस माणसं, त्यातली निम्मी चुकून आलेली. रात्रभर बसचा प्रवास, सकाळी पात्रता फेरी, हॉटेलच्या बेसिनमध्ये धुतलेले मोजे खिडकीत वाळत घातलेले. ती उंच होती तरी तिची सर्व्हिस साधी होती. तिचं बळ होतं चिकाटीत. चेंडू परत पाठवायचा, पुन्हा पाठवायचा, समोरचीला कंटाळा येईस्तोवर पाठवायचा. "मी सुंदर खेळायचे नाही," ती म्हणायची, "मी फक्त जायचे नाही." त्या चिकाटीची किंमत खुब्याने आणि मनगटाने मोजली. तिशी ओलांडल्या ओलांडल्या ती निवृत्त झाली. त्यानंतर कुठे कुठे शिकवत शेवटी इकडे आखातात आली, कारण इथे कोर्टं भरपूर आणि टेनिस शिकायला पोरं त्याहून भरपूर.

तिच्या साऱ्या कारकिर्दीतली जगाला आठवते ती एकच गोष्ट. इटलीतल्या एका स्पर्धेची उपान्त्य फेरी, लाल माती, आणि मारीसोल आयुष्यात पहिल्यांदा एवढी पुढे आलेली. तिच्याकडे मॅच पॉइंट होता. समोरचीचा फटका खोलवर आला, रेषेवरचा पंच "आउट" ओरडला, सामना संपला. मारीसोल जिंकली. समोरची मुलगी हुज्जत घालायला लागली. मातीच्या कोर्टावर चेंडू पडतो तिथे त्याची खूण उमटते, आणि तिथला रिवाज असा, की खूण जाऊन बघायची. चेंडू आत पडलेला दिसला आणि समोरच्याचं म्हणणं तुम्हाला पटलं, तर ती खूण आपल्या बुटाने पुसून टाकायची. पुसली, की तुम्ही गुण देऊन टाकला. मग पंचसुद्धा काही करू शकत नाही. मारीसोल धावत गेली, तिने खूण बघितली, रेषेला चिकटलेली होती. तिने ती बुटाने पुसली आणि हात वर केला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. त्यानंतर ती तो सामना हरली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत तिचा फोटो, वर्षाअखेर खिलाडूवृत्तीचं पारितोषिक. अकॅडमीचे डायरेक्टर सेठी हीच गोष्ट प्रत्येक नव्या पालकाला सांगायचे. ऑफिसच्या भिंतीवर त्यांनी तो फोटो दरवाजाएवढा करून लावला होता : वाकलेली तरुण मारी, तिचा बूट, लाल माती.

शिरीषनेही ती गोष्ट ऐकली होती. एकदा जेवणानंतर आम्ही तिघं बाल्कनीत बसलो होतो, खाली लगूनच्या, म्हणजे खाडीच्या पाण्याच्या कडेने लोक फिरत होते, आणि शिरीष भारावून म्हणाले, "मारी, आमच्या मुलांना हे संस्कार मिळतायत, हे आमचं भाग्य आहे." मारीने हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "शिरीष, ती खूण चुकीची होती." आम्हाला काही कळेना. ती म्हणाली, "मी दुसरीच खूण पुसली. दोन फटक्यांपूर्वीची. त्या टोकाला इतक्या खुणा होत्या… चेंडू जिथे पडला तिथून नजर न हलवता जायचं असतं, वडिलांनी लहानपणापासून हेच शिकवलं होतं. पण मला वाटलं, जिंकले. मी माझ्या कोचकडे बघितलं, भावाकडे बघितलं. मग परत वळले आणि जी पहिली दिसली ती पुसली. रात्री रेकॉर्डिंग बघितलं. चेंडू चांगला हातभर बाहेर पडला होता." मी म्हटलं, मग तू सांगितलं नाहीस? सांगितलं, म्हणाली. त्याच आठवड्यात एका पत्रकाराला सांगितलं. तो म्हणाला, बाई, एवढी सुंदर गोष्ट कशाला नासवतेस? पारितोषिक घेतानाही सांगायला गेली, तर लोकांना तो विनय वाटला. आणखी जोरात टाळ्या वाजवल्या.

"मी प्रामाणिक होते म्हणून हरले नाही, वृंदा," ती म्हणाली. "मी नीट बघितलं नाही म्हणून हरले. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

या दोन वाक्यांवर तिचं उरलेलं सगळं शिकवणं उभं होतं. आमची पोरं तिच्या नकला करायची, "आधी बघ! मग बोल!" चेंडू आत की बाहेर, हे सांगण्याआधी तो कुठे पडला ते ठिकाण बोटाने दाखवायचं. दाखवता येत नसेल तर तुम्ही बघितलं नाही, आणि बघितलं नसेल तर गुण समोरच्याचा. यात दया नव्हती की मोठेपणा नव्हता. तिला खिलाडूवृत्ती या शब्दाचाच तिटकारा होता. सेठींना तिने किती वेळा सांगितलं, ती गोष्ट सांगू नका, तो फोटो काढा. सेठी हसून म्हणायचे, "कोच, पेरेंट्स लव्ह इट." आणि ती चिडायची नाही. मला हेच कळायचं नाही. तिच्या जागी मी असते तर स्टूल घेऊन तो फोटो स्वतः खाली उतरवला असता. ती फक्त त्या ऑफिसात जायचं टाळायची.

मग ती फायनल आली. दोन अकॅडम्यांमधला सामना, मुलींची दुहेरी. आमच्याकडून सई आणि तिची पार्टनर. तिचं नाव लिहीत नाही, लेकरू आहे. तिचे वडील अकॅडमीचे मुख्य प्रायोजक आहेत एवढं मात्र लिहिते. त्या दिवशी मी क्लिनिकमध्ये होते, शिरीष टूरवर, सईला मारीच घेऊन गेली होती. या वयोगटात पंच नसतात. आपल्या बाजूला पडलेल्या चेंडूचा निवाडा खेळाडूंनीच द्यायचा. कोर्ट सिमेंटचं, तिथे खूण उमटत नाही. आमच्या पोरींकडे मॅच पॉइंट होता. समोरून लांब फटका आला, पार्टनरने बोट वर केलं आणि "आउट" म्हणून ओरडली. पालक टाळ्या वाजवत उठले. आणि कुंपणाच्या जाळीबाहेरून मारी म्हणाली, "इन. तो चेंडू आत होता." बाहेरून बोलायचं नाही, हा नियम तिला ठाऊक होता. रेफरी धावत आला, गोंधळला. स्वतःच्याच खेळाडूंविरुद्ध बोलणारी कोच त्या बिचाऱ्याने जन्मात पाहिली नव्हती. त्याने गुण समोरच्यांना दिला. पुढे आमच्या पोरी हरल्या.

सेठींनी पालकांची बैठक बोलावली. बिस्किटं, कडक चहा, एसी इतका की माणूस गारठावा. प्रायोजक वडील बोलले नाहीत, त्यांना बोलायची गरजच नव्हती. सेठी म्हणाले, "देखिए, सिंपल मॅटर है. कोर्टवरच्या दोघींपैकी कोणी एक जरी म्हणाली असती की बॉल इन होता, तर मॅटर खतम. एक म्हणते आउट, दुसरी म्हणते मी बघितलंच नाही. मग कोचलाच कसा दिसला? दुपारची वेळ, ऊन डोळ्यांवर, हो जाता है." ते मारीकडे वळले आणि गोड आवाजात म्हणाले, "कोच, एवढंच सांगा की ऊन होतं. वुई मूव्ह ऑन." सगळे तिच्याकडे बघत होते. सुटकेचा दरवाजा तिच्यासाठी उघडून धरला होता, आणि तिची नोकरी, तिचा व्हिसा, तिचं घर, सगळं त्या दारावर टांगलेलं होतं. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो. मुदतीत दुसरं काम मिळालं तर ठीक, नाहीतर चंबूगबाळं आवरायचं. मारी म्हणाली, "ऊन माझ्या पाठीमागे होतं. आणि या वेळी मी बघितलं होतं."

'या वेळी' या शब्दांचा अर्थ त्या खोलीत फक्त मला आणि शिरीषला कळला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले आणि जे तोंडाला आलं ते बोलले. म्हटलं, भिंतीवर तिचा फोटो लावून तुम्ही फी घेता आणि तिलाच खोटं बोलायला सांगता, जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळगा. शिरीष टेबलाखालून माझा ओढणीचा शेव ओढत होते, "वृंदा, बस खाली. परक्या मुलखात आहोत आपण." मी नाही बसले. पण माझ्यामागे कुणी उठलंही नाही. ज्यांच्या मुलींना मारीने रॅकेट धरायला शिकवलं होतं, ती माणसं कपातल्या चहाकडे बघत होती. त्यांतले तिघे-चौघे आपले मराठी होते, आपल्या गणपतीत आरतीला पुढे असतात. त्यांना मी अजून माफ केलेलं नाही. हा लेख ते वाचतील, वाचावाच. घरी येऊन मी सईला विचारलं, तू खरंच बघितलं नाहीस? ती म्हणाली, "आई, आय वॉज अ‍ॅट द नेट. आय डिडन्ट सी." मी म्हटलं, बरं. महिना संपला तशी मारीची नोकरीही संपली.

रुवैसला ती गेली तेव्हा सामान हलवायला मी आणि शिरीष दोघंही गेलो. चार तासांचा रस्ता, एका बाजूला समुद्र, एका बाजूला काहीच नाही. वसाहतीच्या क्लबात दोनच कोर्टं होती. तिला मात्र ती जागा आवडली. म्हणाली, इथे फोटो लावायला भिंतच नाही. सुर्वे आणि त्यांच्या खोलीवरची मंडळी काम संपल्यावर जाळीपाशी उभी राहून बघायची. हिने त्यांना आत बोलावून चार-दोन फटके मारायला लावले. फोनवर मला सांगायची, तुझ्या कोकणातल्या माणसांचा बॅकहँड चांगला आहे, क्रिकेटमुळे. मी म्हणायचे, परत ये गं, दुबईत बघू काहीतरी. म्हणायची, इन्शाल्ला. इथे या 'देवाची इच्छा असेल तर'चा अर्थ बहुतेक वेळा 'नाही' असा होतो, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

ती वारली, त्यानंतर काही दिवसांनी सेठींचा मला फोन आला. आवाजात लोणी. "वृंदाजी, मारीसोलच्या नावाने आम्ही फेअर प्ले ट्रॉफी सुरू करतोय. तुम्ही त्यांच्या इतक्या क्लोज होतात. दोन मिनिटं बोला ना. ती मार्कवाली स्टोरी सांगा, बहुत टच करती है." मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाले, "और हां, वो फायनलवाला मॅटर मत छेडिएगा प्लीज. वय झालं होतं, नजरेचा प्रॉब्लेम होता. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, हबीबी." मला हबीबी, म्हणजे जिवलग म्हणाले! मी फोन ठेवून दिला.

त्या रात्री जेवताना माझ्या तोंडाचा पट्टा सुरू होता. सेठी, प्रायोजक, चहाकडे बघणारे पालक, टेबलाखालून ओढणी ओढणारे शिरीष, कुणालाही सोडलं नाही. म्हटलं, नजरेचा प्रॉब्लेम! आता ती उलटून बोलू शकत नाही म्हणून आंधळी ठरवा. आणि पुसलेल्या खुणेच्या खोट्या गोष्टीवर ट्रॉफी उभी करा. बोलता बोलता माझं लक्ष गेलं, सईने चमचा खाली ठेवला होता. ताटातल्या भाताला तिने हात लावला नव्हता.

"आई, स्टॉप," ती म्हणाली. "द बॉल वॉज इन. आय सॉ इट."

मी विचारलं, काय म्हणालीस? ती म्हणाली, "मी नेटपाशी होते, पण आय टर्न्ड. अर्धा बॉल लाइनवर होता. आय सॉ इट." दुहेरीत दोघींपैकी एकीने जरी 'इन' म्हटलं, तरी चेंडू आत धरतात, हा नियम सईला पाठ होता. एक शब्द पुरला असता. "मग बोलली का नाहीस?" माझा आवाज चढला. "शी इज माय फ्रेंड, आई. एव्हरीवन वॉज क्लॅपिंग…" मग खाली मान घालून म्हणाली, "कोचने आधी माझ्याकडे बघितलं. शी लुक्ड अ‍ॅट मी. शी वेटेड. मी काही बोलले नाही, मग ती बोलली." शिरीष हळूच म्हणाले, "म्हणजे मारीला माहीत होतं, की तू बघितलंयस?" सई रडायला लागली. सामन्यानंतर गाडीतून घरी सोडताना मारी तिला एवढंच म्हणाली होती, पुढच्या वेळी माझ्या आधी बोल. त्यानंतर कधीही, एकदाही, तो विषय काढला नाही. बैठकीत सेठी विचारत होते, कोणी एक मुलगी जरी म्हणाली असती तर… आणि मारी माझ्या शेजारी बसून सईचं नाव घेत नव्हती.

ट्रॉफीच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो. व्यासपीठावर तोच दरवाजाएवढा फोटो, समोर पालक, मुलं, पाण्याच्या बाटल्या. माझं नाव पुकारलं तशी सई माझ्याआधी उठली. मी तिला सांगितलं नव्हतं, अडवलंही नाही. माइक तिच्या उंचीला जास्त होता, तिने तो खाली ओढला आणि इंग्रजीत बोलली. पाठ केलेलं नव्हतं, अडखळत बोलली. म्हणाली, त्या फायनलमधला चेंडू आत होता. मी बघितला होता. कोच मारीला नीट दिसत होतं. मी खोटं बोलले, आणि कुणीच मला दोनदा विचारलं नाही. पहिल्या रांगेत तिची जुनी पार्टनर वडिलांच्या शेजारी बसली होती. ती सईकडे बघत राहिली, तिच्या वडिलांनी फोन काढला. मला वाटलं, आता तरी यांना लाज वाटेल. एवढंच मागत होते मी, घटकाभर लाज.

सेठी पुढे आले. त्यांनी माइक हातात घेतला, सईच्या खांद्यावर हात ठेवला आणि भरल्या गळ्याने म्हणाले, "लेडीज अँड जंटलमेन, धिस इज फेअर प्ले! यही तो कोच मारीने सिखाया!" आणि टाळ्या… काय टाळ्या! तीच सगळी माणसं, चहाकडे बघणारी, उभी राहून टाळ्या वाजवत होती. सेठींनी टेबलावरची ट्रॉफी उचलली आणि सईपुढे धरली. पहिलीवहिली फेअर प्ले ट्रॉफी, वर्षभर गप्प बसलेल्या माझ्या मुलीला! फोटोग्राफर पुढे धावला. तो फोटो ग्रुपवर आला आहे, मी जपून ठेवला आहे. त्यात सेठींचे हात ट्रॉफीसकट पुढे आहेत आणि सईचे दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेले. ती "नो" म्हणाली, पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही.

शिरीष पार्किंगमधून गाडी काढत होते. या खेपेला त्यांनी मला कुठेही बस खाली म्हटलं नव्हतं. सई मागे बसली होती, मीही त्या दिवशी पुढे न बसता तिच्या शेजारी बसले. सिग्नलला गाडी थांबल्यावर तिने विचारलं, "आई, आर यू अँग्री विथ मी?" मी म्हटलं, हो. खोटं कशाला बोलू? ती म्हणाली, "ओके." थोड्या वेळाने म्हणाली, "अँड विथ कोच?"

सगळ्यात जास्त तिच्यावरच, मी म्हटलं. आणि ते खरं आहे. सेठींसारखी माणसं मला नवी नाहीत, त्यांचा राग एक दिवस उतरेल. मारीचा उतरत नाही. त्या बैठकीनंतर, ठरलेल्या वाराला ती नेहमीसारखी क्लिनिकमध्ये आली होती. नोकरी गेल्यात जमा होती. तिला वाचवणारा एक शब्द माझ्याच घरात, माझ्याच मुलीच्या तोंडात अडकला होता, हे तिला ठाऊक होतं आणि मला नव्हतं. ती टेबलावर आडवी झाली, मी तिच्या खुब्यावर तळवा ठेवला, जरासा दाब दिला आणि विचारलं, दुखतंय का गं? तिचे स्नायू माझ्या हाताखाली दोरीसारखे ताठले होते. ती छताकडे बघत म्हणाली, "नाही. अजिबात नाही." रेषेवरच्या चेंडूबद्दल ही बाई कधी कुणाशी खोटं बोलली नाही. माझ्याशी बोलली.